एक पाऊल डावीकडे

माझ्या थोरल्या मामांनी जगातल्या माणसांचे दोनच भाग पाडले आहेत. कुठे उभं राहायचं हे ज्यांना कळतं ते, आणि उरलेले सगळे. शिक्षण, पगार, हुद्दा, घराणं यांपैकी कशानेही त्यांचं मत हलत नाही. एखादा माणूस उजेडाकडे तोंड करून उभा राहिला आणि डोळे बारीक करून समोरचं बघायला लागला की तो मामांच्या लेखी वाया गेला, मग तो तहसीलदार का असेना. उलट आमच्या सोसायटीचा वॉचमन, जो दुपारभर जिन्याखाली झोपलेला असतो, त्याच्याबद्दल मामांना फार आदर आहे, कारण तो झोपतानासुद्धा उजेडाकडे पाठ करून झोपतो. "जाणकार माणूस," असं ते दर खेपेला आम्हाला सांगतात आणि त्याला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना चढतात.

मामा फर्दापूरचे, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याचे. त्यांचं सगळं आयुष्य लेण्यांत परदेशी माणसांना चित्रं दाखवण्यात गेलं, आणि त्यातही जर्मन माणसांना. त्यांच्या तरुणपणी गावात इंग्रजी बोलणारे गाईड पुष्कळ झाले होते, म्हणून मामांनी जर्मन धरली. कुठल्या वर्गाला वगैरे ते गेले नाहीत. पाहुण्यांच्या मागे मागे फिरून, हॉटेलात कुणी विसरून गेलेली पुस्तकं वाचून आणि एका वृद्ध जर्मन बाईंनी पाठवलेल्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून त्यांनी ती भाषा मिळवली. जर्मनच का, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "लई गुणी माणूस. इथं उभा राहा म्हटलं की उभा राहतो. आपला माणूस आधी विचारतो, का म्हणून?"

हा गाईडपणा चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवणं मामांना कधी जमलं नाही. ते उलटे चालतात. चार माणसं बरोबर असली की मामा आपोआप पुढे होतात, वळून आमच्याकडे तोंड करतात आणि पाठीच्या दिशेने चालू लागतात, कारण ऐकणाऱ्याकडे पाठ करून बोलणं त्यांना अपमानाचं वाटतं. लेण्यांपुढच्या वाटेवर, जिथला दगड न् दगड त्यांच्या टाचांना पाठ आहे, तिथे हे ठीकच. पण एकदा दिवाळीच्या आधी ते आम्हाला गुलमंडीच्या बाजारात असेच नेत होते, दोन्ही बाजूंच्या दुकानांची माहिती सांगत, आणि सरळ एका उसाच्या रसाच्या गाड्याला जाऊन टेकले. रसवाल्याने ग्लास सावरले, मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "चचा, पीछे भी दुनिया है." मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी आम्हा सगळ्यांना त्याच्याकडे रस पाजला, आणि पुढे कित्येक वर्षं हेच वाक्य जर्मनमध्ये करून ते पाहुण्यांना बुद्धाच्या शिकवणुकीच्या ओघात ऐकवत राहिले. आईच्या म्हणण्याप्रमाणे, एका गटाने ते लिहूनही घेतलं.

मग त्यांचा टॉर्च. बोटाएवढा, थंड उजेडाचा, कायम शर्टाच्या खिशात. बोट दाखवणं त्यांना असभ्य वाटतं, म्हणून कुठलीही वस्तू ते टॉर्चनेच दाखवतात, भर उन्हातसुद्धा. आईबरोबर भाजी आणायला गेले की वांग्यावर कडेने आडवा उजेड टाकून बघतात. "समोरून टाकला की सगळंच गोजिरं दिसतं. खोट बघायची तर आडवा टाकावा," असं ते भाजीवालीलाच समजावून सांगतात आणि तिला वांगं कुठल्या बाजूने मांडलं तर खपेल तेही सुचवतात. टॉर्च धरण्याची त्यांची रीत वेगळी. कोपर बरगडीला टेकवलेलं, टॉर्च छातीशी, हात अजिबात हलवायचा नाही. उजेड इकडचा तिकडे न्यायचा असेल तर ते स्वतः सरकतात. हात हलला की उजेड थरथरतो, आणि माणूस हलला की उजेड चालतो, असं त्यांचं म्हणणं.

लेण्यांतल्या भिक्खूंच्या कोठड्यांची दारं ठेंगणी आहेत. त्यामुळे कुठल्याही दारातून कुणीही जायला लागलं की मामांच्या तोंडून "डोकं सांभाळा" निघतंच. पाहुणे जर्मन असतील तर "आख्टुंग, कोप्फ". आमच्या सिडकोतल्या फ्लॅटचं दार पुरेसं उंच आहे आणि आमच्या घरात उंच म्हणावं असं कुणी नाही, तरी मामा आले की आम्ही सगळे आठवडाभर वाकून जा-ये करतो. आणि माणसांना योग्य जागी उभं करण्याबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात वंदनेसाठी मांडव उभा राहिला, भंतेजी सुरुवात करणार, तेवढ्यात मामांनी हात वर केला. "नवरदेव, अर्धं पाऊल मागं. बाबासाहेबांच्या फोटोवर तुमची सावली पडायली." नवरदेव अर्धं पाऊल मागे गेला. त्यामागे करवल्या गेल्या, करवल्यांमागे पाहुणे, असं करत करत सगळं लग्न अर्धं पाऊल मागे सरकलं आणि शेवटची रांग जेवणाच्या टेबलांत शिरली. वाढपी गडबडले, पण फोटो मात्र असा उजळून निघाला की भंतेजींनीसुद्धा एकदा वळून पाहिलं.

अशा माणसाची मी भाची, आणि मला कुणाला "जरा सरका" असं म्हणणंसुद्धा जमत नसे. रिक्षात तिसरी बाई बसली की मी अर्धवट बाहेर लटकून घरी येई. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे इंग्रजीत कमी बोलायचं, घरी मराठीत कमी बोलायचं, असं माझं नीट चाललं होतं. आठवीत त्यात जर्मन आली. बाबा शेंद्र्याला कारखान्यात आहेत. तिथली यंत्रं जर्मनीची, त्यामुळे जर्मन येणाऱ्या मुलीला नोकरी कमी पडणार नाही हा त्यांचा हिशोब. मला ती भाषा आवडली, कारण ती वहीत लिहायची होती. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली येई. दहावीत मात्र कळलं की तोंडी परीक्षा वेगळी असते, तिला बाहेरून परीक्षक येतात, एक चित्र पुढे ठेवतात आणि त्यावर बोलायला सांगतात. तोंडीत नापास म्हणजे जर्मनमध्ये नापास, लेखीत कितीही मिळोत.

सराव परीक्षेत आमच्या जर्मनच्या मॅमनी मला पहिला प्रश्न विचारला, तो माझं नाव काय हा होता. मला उत्तर येत होतं. व्याकरणासकट येत होतं. मी मॅमच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले आणि मॅम माझ्याकडे. शेवटी घंटा झाली. त्यांनी आईला शाळेत बोलावलं आणि फार मायेने सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण खऱ्या परीक्षेतही अशीच गप्प राहिली तर गुणपत्रिकेवर नापासाचा शिक्का बसेल. त्यापेक्षा विषय सोडून नाव मागे घेऊ या, अजून वेळ आहे. आईने घरी येऊन कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या आणि मग फर्दापूरला फोन केला. "दादा, तू ये," एवढंच म्हणाली.

मामा दुसऱ्या दिवशी जळगावच्या गाडीने आले. पिशवीत बोरं, खिशात टॉर्च. तो हिवाळा होता, म्हणजे लेण्यांचा ऐन हंगाम, आणि मामा हंगामात कधीच गाव सोडत नसत. आईने तसं म्हटल्यावर ते हसले. हंगाम आहे, माणसं पण आहेत, फक्त त्यांच्या कानात फोन आहे, असं म्हणाले. हल्ली पाहुणे कानात बोंडं घालून येतात, त्यांना फोनच सगळं सांगतो. "सांगतो, पण उभं कुठं राहायचं ते नाय सांगत. दारातच उभी राहतेत सगळी, उजेड अडवून," हे मात्र त्यांनी जरा दुखऱ्या आवाजात सांगितलं आणि लगेच माझं जर्मनचं पुस्तक मागितलं.

पुस्तक त्यांना मुळीच पटलं नाही. त्यातला एक मुलगा पहिल्या धड्यापासून ग्रंथालय कुठे आहे असं विचारत फिरतो. "याला अजून सापडलं नाय?" मामा पानं उलटत म्हणाले. खरी अडचण वेगळीच होती, आणि ती आम्हाला त्याच संध्याकाळी कळली. मामांची जर्मन लेण्याएवढीच होती. चुन्याचा गिलावा, ओलसर भिंत, संन्यास, करुणा, दागिन्यांची कलाकुसर, पावसाळ्यातला भिक्खूंचा मुक्काम या सगळ्याला त्यांच्याकडे एकापेक्षा एक शब्द होते. दात घासायचा ब्रश, गणिताचा तास, आठवड्याची सुट्टी यांना काहीच नव्हतं. माझ्या अभ्यासक्रमात नेमकं हेच होतं आणि करुणा कुठेही नव्हती. बाबांनी हे ऐकून फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. मामा मात्र निश्चिंत होते. "शब्द तिच्याकडं हायेत की. पोरीला शब्द कमी नाय पडले कधी."

मला वाटलं होतं, ते मला बोलायला लावतील. मी त्यासाठी जमेल तेवढी आधीच गप्प झाले होते. पण त्यांनी पहिले काही दिवस मला एकाही चित्राबद्दल विचारलं नाही. त्यांनी फक्त उभं करायला शिकवलं. कृपया इकडे या, एक पाऊल डावीकडे, सावकाश, डोकं सांभाळा, आता बघा. एवढीच पाच वाक्यं, जर्मनमध्ये. "माणूस तुझ्या सांगण्यावरनं एकदा पाऊल हलला ना बाई, की तो तुझा झाला. मग तो ऐकतोच. आधी उभं कर, मग बोल," हे त्यांचं सगळं शास्त्र. मला त्यांनाही पाऊल हलवायला सांगता येईना. तेव्हा त्यांनी मला फ्रीजपुढे नेलं आणि फ्रीजला सांगायला सांगितलं. फ्रीज काही हलला नाही, पण हसलाही नाही. मग कपड्यांच्या स्टँडला, मग बाल्कनीतल्या तुळशीला. मग एका दुपारी मामा सोफ्यासमोर भिंतीकडे तोंड करून, चुकीच्या जागी, मुद्दाम उजेड अडवून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. चहा निवला. आई दोनदा डोकावून गेली. शेवटी मीच, त्यांचे पाय दुखत असतील म्हणून, हळूच म्हटलं, "बिट्टे, एक पाऊल डावीकडे." बिट्टे म्हणजे कृपया, आणि बाकीचंही अर्थात जर्मनमध्येच. मामा ताबडतोब एक पाऊल डावीकडे झाले. पाय जुळवून, अगदी गुणी पाहुण्यासारखे. माझ्या सांगण्यावरून एक अख्खं मोठं माणूस जागचं हललं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. मी त्यांना परत उजवीकडे जायला सांगितलं. तेही ते गेले. त्या संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, तर दारातच मी त्यांना जर्मनमध्ये थांबवलं, डोकं सांभाळायला लावलं आणि एक पाऊल डावीकडे केलं. बाबा डब्याची पिशवी हातात घेऊन चप्पलस्टँडजवळ आज्ञाधारकपणे उभे होते आणि आईला विचारत होते, "आता पुढं काय करायचं असतं?"

मग पडदे ओढून घेतलेल्या खोलीत टॉर्च सुरू झाला. मामा कुठल्यातरी वस्तूवर उजेडाचा वाटोळा तुकडा टाकत आणि तेवढ्यावरच मी बोलायचं. कॅलेंडरचा एक कोपरा. फोटोतला आईचा कान. मी घाबरून सगळ्या खोलीबद्दल एकदम सांगायला गेले की टॉर्च बंद. "उजेड पडला तेवढंच. बाकीचं ऱ्हाऊ दे अंधारात, ते कुठं पळून चाललं नाय. सगळं एकदम दाखवायला गेलं की माणूस काहीच बघत नाय." मला कुणी इतकी सोयीची गोष्ट आजवर सांगितली नव्हती. बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागतं, असं मी धरून चालले होते.

मामांचा आणखी एक नियम होता. त्यांच्या मते प्रत्येक चित्रात एक माणूस निघून जाणारा असतो, आणि गाईडने आधी तो शोधायचा. लेण्यांच्या बाबतीत हे सहसा खरंच ठरतं. राजवाड्यात सगळे नाचत-गात असतात आणि राजपुत्राची नजर भलतीकडेच असते. पण मामा हा नियम वर्तमानपत्रालाही लावत. एका कुकरच्या जाहिरातीवर त्यांनी टॉर्च धरला. हसरे आई-बाप, दोन मुलं, मधे कुकर. मामा बराच वेळ बघत राहिले. "या नवऱ्याकडं बघ. बायको हाय, लेकरं हायेत, नवा कुकर हाय. पण नजर कुठं? बाहेर. हा काय ऱ्हात नाय." त्यांनी हे इतक्या कळवळ्याने सांगितलं की आईने ते पान रद्दीत टाकायच्या आधी त्या नवऱ्याकडे एकदा रागाने बघून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मामा मला सोडायला शाळेपर्यंत आले, उलटे चालत. फाटकापाशी थांबून त्यांनी काही शुभेच्छा वगैरे दिल्या नाहीत. बाहेर ताटकळणाऱ्या पालकांकडे एकदा पाहिलं आणि त्यांना कडुलिंबाच्या सावलीत नीट लावायच्या कामाला लागले.

आतमध्ये परीक्षक म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी. शेजारी आमच्या मॅम, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या. टेबलाच्या कडेला, आम्हा तिघींना दिसेल असं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक मोठं चित्र उभं केलं होतं. जर्मन घरातली सकाळ. टेबलाशी आई, वडील, एक मुलगा, आणि दाराजवळ दप्तर अडकवलेली मुलगी. बाईंनी जर्मनमध्ये सांगितलं, या चित्राबद्दल बोल. मी टेबलावर पेपरवेट आहे का ते बघू लागले. त्यांनी पुन्हा सांगितलं, अधिक सावकाश. मॅम मान खाली घालून पेनाचं टोपण उघडझाप करू लागल्या, आणि मला कळलं की आता हे सराव परीक्षेसारखंच होणार, शिक्का बसणार, आई पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजणार.

तेव्हा माझं लक्ष चित्रावरच्या तिरिपेकडे गेलं. खिडकीतलं ऊन प्लास्टिकवर असं पडलं होतं की बाईंच्या जागेवरून त्यांना त्या मुलीचा चेहरा दिसणंच शक्य नव्हतं. बाई त्या चकाकीकडे बघत होत्या आणि आपण चित्र बघतोय असं समजत होत्या. मला परीक्षेचं सुचत नव्हतं, पण हे मात्र सहन होईना. मी म्हटलं, "बिट्टे, इकडे या. एक पाऊल डावीकडे."

मॅमच्या हातातलं टोपण खाली पडलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उठल्या. त्या उठताहेत हे बघून माझ्या तोंडून सवयीने "आख्टुंग, कोप्फ" निघून गेलं, आणि त्या, वर नुसता पंखा असलेल्या त्या खोलीत, खरंच मान वाकवून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. पाऊल हललं होतं. आता त्या माझ्या पाहुण्या होत्या.

पुढे मी काय बोलले ते मला मॅमकडूनच नीट कळलं. मी म्हणे आधी भिंतीच्या रंगाबद्दल आणि गिलाव्याच्या अवस्थेबद्दल सांगितलं. वडिलांच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या घड्यांची कलाकुसर दाखवली. टेबलावर ब्रेड भाजायचं यंत्र होतं. त्याचा शब्द मला येत नव्हता, म्हणून मी ती लोखंडाची एक छोटी गुहा आहे आणि आत दोन ब्रेड ध्यानाला बसले आहेत असं सांगितलं. मग मी दाराजवळच्या मुलीकडे वळले. तिचा एक हात दारावर आहे, म्हटलं. ही निघाली आहे. बाईंनी मधेच, नियमात नसताना, विचारलं, कुठे? पुस्तकाप्रमाणे उत्तर शाळेत असं होतं. मी म्हटलं, ते तिला अजून माहीत नाही, पण तिच्या आईला माहीत आहे, म्हणून आई कॉफी इतकी सावकाश ओतते आहे. बाई चित्राजवळ वाकून त्या आईच्या हाताकडे बघत राहिल्या. शेवटी मी त्यांचे आभार मानले, फ्लॅश वापरू नये अशी विनंती केली आणि पायऱ्या उतरताना जपा असं सांगून खोलीबाहेर पडले.

फाटकापाशी सगळे पालक सावलीत दोन रांगांत उभे होते. मामांनी परीक्षा कशी गेली असं विचारलं नाही. "बाई उठल्या का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाले, आणि दुपारच्याच गाडीने फर्दापूरला निघून गेले. निकालासाठी थांबले नाहीत. निकाल लागला तेव्हा मॅमनी आईला फोनवर सांगितलं की मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली, फक्त परीक्षक बाई दोन-तीनदा विचारत होत्या की या मुलीला जर्मन शिकवली कुठल्या मठात.

आता मी शेंद्र्यालाच एका कारखान्यात आहे. जर्मनीहून पाहुणे आले की त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. अजूनही मी कमीच बोलते. पण कारखाना दाखवताना आधी त्यांना यंत्राच्या योग्य बाजूला उभं करते आणि उजेड पडेल तेवढंच सांगते. आमचे साहेब याला माझी पद्धत म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, कारण त्यासाठी फार बोलावं लागेल.

मामांना खऱ्या जर्मन पाहुण्यांबरोबर मी कधी पाहिलंच नव्हतं, हे गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं. मी रजा काढून फर्दापूरला गेले. मामा फार दिवसांनी मिळालेल्या एका वृद्ध जर्मन जोडप्याला घेऊन निघाले होते. मी मागे मागे चालले. ते उलटे चालत होते, आणि वाटेतल्या एका बाकाला त्यांची टाच लागली. टाचांना पाठ असलेल्या त्या वाटेवर त्यांना बाक लागावा, हे मला विचित्र वाटलं. आई अधूनमधून फोनवर त्यांना डोळे तपासायला शहरात बोलावते आणि मामा टाळतात. म्हणतात, तो डॉक्टर चुकीच्या जागी बसतो.

पहिल्या लेण्यात आम्ही चपला काढून आत गेलो. थंड काळोख. मामांनी त्या दोघांना कमळ हातात घेतलेल्या बोधिसत्त्वापुढे उभं केलं, टॉर्च छातीशी धरला आणि सुरुवात केली. त्यांचा आवाज घरातल्यापेक्षा खालचा होता. आडव्या उजेडात गळ्यातले मोती कसे खऱ्यासारखे उठून येतात, ते बघा, असं ते सांगत होते. शब्द एकेक करून जागेवर पडत होते. उजेड मात्र मोत्यांवर नव्हता. तो हातभर उजवीकडे, रंग उडालेल्या नुसत्या गिलाव्यावर पडला होता. ते जोडपं, मामा म्हणतात तसं, फार गुणी होतं. सांगितलेल्या जागी पाय जुळवून उभं राहून ते दोघं त्या कोऱ्या गिलाव्याकडे आदराने बघत होते. मामाही त्याच्याकडेच बघत होते आणि मोत्यांबद्दल बोलत होते.

मी मागून, जर्मनमध्येच, हळू म्हटलं, "बिट्टे, एक पाऊल डावीकडे."

मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी वळून पाहिलं नाही. मग ते एक पाऊल डावीकडे झाले, कोपर बरगडीशी तसंच ठेवून. जोडप्याला वाटलं, हे आपल्यालाच सांगितलं, म्हणून तीही दोघं एक पाऊल डावीकडे झाली. उजेड भिंतीवरून चालत गेला आणि मोती लखलखले. म्हातारीने नवऱ्याचा हात धरला. मामांनी अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच उचललं आणि पूर्ण केलं.

पाहुणे पुढे बाहेर गेले. मामांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते दाराकडे निघाले. या वेळी सरळ, माझ्या बरोबरीने.

"डोकं सांभाळ, बाई," दाराशी आल्यावर ते म्हणाले.

लेण्याचं ते दार चांगलं दोन पुरुष उंच आहे. मी वाकले.